पहिल्या दिवसाचे पूर्ण गुण

परीक्षांवर माझा जुना राग आहे, आणि माझं पोट परीक्षांवरच चालतं. रोज सकाळी कुंभकोणमहून बस पकडून तिरुभुवनमला जायचं, तिथल्या रेशीम विणकाम प्रशिक्षण केंद्रात चाचण्या घ्यायच्या आणि गुण संगणकात भरायचे, हे माझं काम. वर्ग सहा आठवड्यांचा, चाचण्या पाच. पहिल्या दिवशी पूर्वचाचणी, म्हणजे शिकायला आलेल्याला आधीच काय येतं ते बघायचं. मग एक लेखी, एक तोंडी, एक प्रात्यक्षिक, आणि शेवटी पुन्हा पहिल्या दिवसाचीच चाचणी. एवढ्या वेळा आमचे डॉक्टरसुद्धा नाडी बघत नाहीत.

गेल्या वर्षी एका तुकडीत एक अक्का आल्या. वय पन्नाशीचं, लहानपणापासून घरच्या मागावर बसलेल्या. शिकण्यासारखं त्यांना काही उरलं नव्हतं. पण गुडघे गेले होते, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून दिवसभर बसणं जमेनासं झालं होतं. केंद्रात शिक्षिकेची जागा निघाली होती आणि प्रमाणपत्राशिवाय अर्जच घेत नव्हते. म्हणून त्या आल्या.

पूर्वचाचणीत ताण्याचे, म्हणजे मागावरचे उभे, दहा तुटलेले धागे जोडायचे होते. मी घड्याळ लावून मान वर केली तर अक्कांचे जोडून झालेले. मी खुशीत पूर्ण गुण भरून टाकले. तिथेच मी शेण खाल्लं.

पुढचे सहा आठवडे अर्धा वर्ग अक्कांनीच शिकवला. तिरुनीलक्कुडीच्या शेतकरी घरातली एक मुलगी होती, तिला आडवा धागा फिरवणारा धोटा कसा धरायचा तेही ठाऊक नव्हतं. तिला अक्कांनीच हात धरून तयार केलं. शेवटच्या चाचणीत त्या मुलीला निम्मे गुण पडले, अक्कांना पुन्हा पूर्ण. संगणकाने मुलीपुढे लिहिलं, 'उत्तम प्रगती'. अक्कांपुढे लिहिलं, 'प्रगती शून्य, अनुत्तीर्ण'. पहिल्या आणि शेवटच्या गुणांत फरक दिसला तरच प्रमाणपत्र छापलं जातं, हा नियम मला त्या दिवशी कळला.

मुख्य कार्यालयाला फोन केला. बाईंना आधीपासूनच सगळं येतं, असं मी तीनदा सांगितलं. पलीकडच्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं की मग आपण त्यांना शिकवलं काय? पुढच्या तुकडीत परत बसवा, म्हणाले, आणि पहिल्या दिवशी जरा सांभाळून घ्या. घरी आईला सांगितलं तर ती आमच्या तंजावरी मराठीत म्हणाली, "येतें म्हणून नापास केलात? असली परीक्षा कायला घेतां?" मी रसम तिखट झाल्याची तक्रार केली.

अक्कांना हे सांगायची मला लाज वाटत होती. पुन्हा सहा आठवडे बसा, आणि पहिल्या दिवशी एकही धागा जोडू नका, एवढं बोलून मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्या पिशवी आवरू लागल्या. मग बरं म्हणाल्या.

नव्या तुकडीत पहिल्या दिवशी त्या दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसल्या. मागावर दहा धागे तसेच लोंबत होते. चला, सुटलो, असं मी मनात म्हटलं. वेळ संपायला दोन मिनिटं असताना त्या उठल्या, लंगडत मागापाशी गेल्या आणि दहाही धागे जोडून परत आल्या.

"चुकलं सार," त्या म्हणाल्या. "तुटलेलं समोर दिसलं की हात राहत नाहीत."

मी भयंकर चिडलो. त्यांच्यावर, नियमावर, त्या फोनवरच्या माणसावर. मग त्या दहा जोडांपुढे शून्य लिहिलं. त्यांच्या हातांना जे जमलं नाही, ते माझ्या हाताला चटकन जमलं.

सहा आठवड्यांनी प्रमाणपत्र आलं. 'उत्तम प्रगती', आणि खाली परीक्षक म्हणून माझं नाव. अक्कांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, नीट वाचलं, आणि पिशवीत ठेवलं. नोकरी त्यांना मिळाली.

गेल्या महिन्यात नवी तुकडी आली. या वेळी पूर्वचाचणी अक्काच घेत होत्या, मी गुण लिहायला बाजूला बसलो होतो. एका विणकराची मुलगी मागावर बसली आणि तिने बघता बघता तीन धागे जोडले. जोड असे की शोधून सापडू नयेत. अक्का तिच्यापाशी गेल्या, क्षणभर ते जोड बघत उभ्या राहिल्या, आणि चौथा धागा त्यांनी हळूच तिच्या बोटांतून काढून घेतला.

"आज नको, कण्णू," त्या लाडाने म्हणाल्या. "आज तुला काही येत नाही."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, आणि तिने हात मांड्यांखाली घेतले.