भाऊकाकांनी न दिलेली चिठ्ठी

दीड महिन्यापूर्वी लेस्टरहून काकूंचा फोन आला, तेव्हा मी मँचेस्टरच्या ट्रॅममध्ये होते. "हे गेले गं," एवढंच म्हणाल्या. माझे भाऊकाका, सगळं आयुष्य तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टरकी केलेले. माझा स्टॉप कधी मागे पडला, कळलंच नाही...

या माणसावर मी अख्खा हिवाळा रुसून होते, तेव्हा आधी माझाच मूर्खपणा सांगते. माझ्या लेकीला, इराला, भाऊकाका इंग्लंडात शिकले त्याच कॉलेजात मेडिसिनला जायचं होतं. आम्ही साताऱ्याची माणसं. घरातल्याची ओळख असताना शब्द टाकायचा नाही, हे आमच्या गावीही नसतं. मी सरळ म्हटलं, "काका, तुम्ही तिथले जुने विद्यार्थी, दरवर्षी त्यांच्या डिनरला जाता. एक चिठ्ठी द्या ना."

"इथे ते बघत नाहीत. बघत असते, तरी दिली नसती," ते म्हणाले.

फार लागलं मला. मी फोन करणं सोडलं. इराच्या अर्जात मी हट्टाने "माझे आजोबा इथलेच" असं वाक्य घालायला लावलं होतं. तिने मसुदा त्यांना पाठवला, त्यांनी नेमकं तेवढंच खोडलं. पण दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ते तिची इंटरव्ह्यूची तयारी मात्र करून घ्यायचे, कधी स्वतःच पेशंट बनून, तासन् तास, न कंटाळता. इथेच वाढलेल्या इराचं मोडकंतोडकं मराठी मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं.

"आजोबा, माझा चूक कुठे झाला?"

"चूक नाही, घाई झाली. पेशंट घाबरलाय ना? आधी त्याला बसायला सांग."

इराला प्रवेश मिळाला, आणि आमच्या गोतावळ्यात सुरू झालं, "आजोबांची पुण्याई हो." पुण्याई म्हणजे वशिला, हे पोरीलाही कळलं. "आई, खरंच त्यांच्यामुळे झालं का?" तिने विचारलं. मला छातीठोकपणे नाही म्हणता येईना. काकांनी गुपचूप शब्द टाकला असेल, असं माझ्याही मनात होतंच. ते तसेच गेले, आणि इराच्या मनातला किंतु तसाच राहिला.

अंत्यविधीनंतर आम्ही काकूंच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. काकू म्हणाल्या, "इराच्या अर्जाच्या वर्षी हे डिनरला गेलेच नाहीत. निवड करणारेही त्याच टेबलावर जेवतात ना. म्हणाले, नातीचं नाव चुकून तोंडून गेलं, तर पोरीला जन्मभर वाटेल की हे आपण मिळवलेलं नाही. मग टाय लावलेली काढली, आणि त्या खुर्चीत बसून माझ्याबरोबर खिचडी खाल्ली."

काका, मी तुमच्यावर रुसले होते. तुम्ही माझ्या लेकीला जे दिलंत, ते मला मागताही आलं नसतं.

त्या खुर्चीत इराच बसली होती. "म्हणजे ॲडमिशन माझाच आहे," ती हळूच म्हणाली, आणि आजोबा गेल्यापासून पहिल्यांदा रडली.