मीटरवाल्याने केलेली एकमेव स्तुती

दाखला देण्यात येतो की, सदर इसम, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा मोटारींचे मीटर दुरुस्त करणे, हा वर्तणुकीने चांगला असून त्याच्या हातून कोणाचेही नुकसान झाल्याचे ऐकिवात नाही. सबब, गाळ्याचा करार पुढे चालू ठेवण्यास हरकत नसावी.

दाखल्यात नाकाचा उल्लेख नाही. ते कायम मुरडलेलं असे. मीटर उघडला, की आधी हात लावून गेलेल्याचा उद्धार ठरलेला: हा डाग दिलाय की शेण थापलंय, हा कारागीर की खाटीक. चहा, शेजारचे दुकानदार, मुलांचं अक्षर, कशाचीच त्याला किळस यायची राहिली नव्हती.

धाकटी बहीण आपल्या गाडीचा मीटर पिशवीत घालून आली. गाडी वर्षापूर्वी जुनी घेतलेली. शेजाऱ्याने बॅटरीच्या तारा उलट्या जोडल्या आणि काटे मेले. त्याने शेजाऱ्याची अक्कल काढली, गाडी पसंत करणाऱ्या मेहुण्याची काढली, मीटर उघडला आणि दिवा जवळ ओढला. चिपच्या पायांवरचे सोल्डरचे डाग मोहरीएवढे, एकसारखे, वर स्पिरिटने पुसलेले.

"आधी कुणीतरी हात घातलाय," तो म्हणाला. "पण माणसाला काही वळण आहे."

बहिणीने निरखून पाहिलं. चाळीस वर्षांत त्याने कुणाला बरं म्हटलं नव्हतं. तब्येत बरी नसावी, असं तिला वाटलं.

किलोमीटरची नोंद ठेवणारी ती चिप कॉम्प्युटरवर वाचायला घेतली तर पहिल्यांदा कोरी आली, दुसऱ्यांदा कचरा, तिसऱ्यांदा वेगळाच कचरा. दोन वाचनं जुळल्याशिवाय चिपमध्ये काही लिहायचं नाही, हा त्याचा एकमेव धर्म. तारा आखूड केल्या, पाय घासले. शेवटी सापडला एक जळका कपॅसिटर, चिपची वीज मधल्यामधे पिऊन बसलेला. तो उपटल्यावर वाचनं जुळली. चॅसिस नंबर शाबूत होता, किलोमीटरही होते, एकसष्ट हजार. काही भाग मात्र पुसला गेला होता.

अशा वेळी तसल्याच गाडीची धडधाकट फाईल शोधून तेवढा भाग उसना घ्यायचा. चिपमध्ये लिहिण्याआधी तिची मूळ फाईल तो चॅसिस नंबरच्या नावाने जपून ठेवी. सवयीने त्याने हाच नंबर टाकला, आणि फाईल निघाली. दीड वर्षापूर्वीची. जुन्या गाड्यांचा एक व्यापारी मीटर घेऊन आला होता. मूळ आकडा एक लाख चौऱ्याऐंशी हजार; व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून याने केलेला, अठ्ठेचाळीस हजार.

त्याने बोटं फडक्याला पुसली. मग फडकंही फेकून दिलं.

"इंजिनाचा पट्टा बदललास?" त्याने विचारलं.

मेस्त्री लाख किलोमीटरला बदलू म्हणाला होता, अजून एकसष्टच तर झालेत, असं ती म्हणाली. मुलांना शाळेत सोडायला ती रोज टेकडीचा उतार उतरते. तिथे पट्टा तुटला, तर इंजिन बंद आणि ब्रेक दगडासारखा.

त्याने जुनी फाईल घेतली, बहिणीने वर्षात चालवलेले तेरा हजार त्यात मिळवले आणि चिपमध्ये लिहिलं. टेबलावरच काटे उठले. आकडा आला: एक लाख सत्त्याण्णव हजार. बहिणीने तो दोनदा वाचला.

"हे कुणी केलं होतं, दादा?"

"मी."

"तरीच," ती म्हणाली. "मघाशी स्तुती चालली होती."

मीटर तिथेच ठेवून ती मुलांना आणायला बसने गेली.

फोल्डरात तशा चारशे बारा फायली आहेत.