उन्हानं खाल्लेली पूड

रविवार, २७ एप्रिल २०२५. व्हरांड्यात सकाळी दहाला ३९, दुपारी एकला ४५. टाक्यातलं पाणी ३५. टाक्यात एक मेलेला बेडूक आणि तंबाखूच्या खर्ऱ्याची पिंक. अजयचे चार पाहुणे जेवायला. मुखरूवर चोरीचा आळ.

दुपारी एवढंच लिहून मी वही मिटली होती. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सिस्टरनं आम्हा मुलींना दिवसातून दोनदा तापमान पाहून तिथल्या तिथे लिहायला लावलं होतं. आठवून लिहाल तर खोटं लिहाल, असं ती म्हणायची. माझे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली, पण वही सुटली नाही. आज त्या वहीचा उपयोग झाला, म्हणून मुखरूबद्दल सविस्तर लिहिते.

पोंभुर्ण्याच्या रस्त्यावर आमचं शेतातलं घर आहे. माझा मुलगा अजय धानाची गिरणी चालवतो. तीन वर्षांपूर्वी त्यानं अंगणात पोहण्याचं टाकं बांधलं. मुखरू तेव्हा खोदकामाला आला आणि टाक्याची राखण करायला राहिला. तो ढिवर. बापाबरोबर गावच्या तलावात जाळं टाकत मोठा झालेला. हाताचा कोपर पाण्यात बुडवून पाणी किती गरम आहे ते सांगतो, आणि माझ्या तापमापकाशी त्याचा फरक कधी एका अंशापेक्षा जास्त निघालेला नाही. टाक्याला तो ‘साहेबाची बोडी’, म्हणजे साहेबाचं तळं, म्हणतो. स्वतः मात्र त्यात कधी उतरला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, “ज्या पाण्यात मासा जगत नाई बाई, त्यात मी काऊन उतरू?”

टाक्याच्या बाजूला मोहाचं झाड होतं. दिवसातला बराच वेळ पाण्यावर त्याची सावली असायची. त्यामुळे जानेवारीत पाणी अठराच्या वर जात नसे. माझी नात दिव्यानी वाढदिवसाला उतरली आणि निळे ओठ घेऊन बाहेर आली. मार्चमध्ये दुसरंच. मोहफुलं रात्रभर पाण्यात पडायची आणि तळाशी कुजायची. मुखरूची बायको अंजनाबाई जमिनीवरची फुलं पहाटे वेचून न्यायची, पण पाण्यातल्यांचा तपकिरी लगदा व्हायचा आणि अंगणभर दारूच्या भट्टीसारखा वास सुटायचा. सून चंचल नाकाला पदर लावून फिरायची.

यंदा जानेवारीत अजयनं झाड तोडलं. मुखरूनं एकदाच सांगून पाहिलं. “अजयभाऊ, उन्हाळ्यात सावली लागन.” अजय म्हणाला, “तुले झाडाची नाई, तुझ्या बायकोच्या फुलांची पडली आहे.”

झाड गेल्यावर पाणी तापलं, हे खरं. दुपारी तेवीस, रात्री वर प्लास्टिक अंथरलं की सकाळीही एकवीस. सगळे खूश. पण मार्च संपता संपता तेच ऊन सकाळी सातपासून टाक्यावर ठाण मांडून बसायला लागलं. प्लास्टिक काढलं तरी पाणी तीसच्या वर. एप्रिलमध्ये पायऱ्यांवर हिरवी बुळबुळ आली. हात लावला की नाकातल्या शेंबडासारखी बोटांना चिकटायची.

मुखरू क्लोरीनची पूड नेहमी दिवेलागणीला टाकायचा. पण हिरवं दिसलं आणि अजयला संशय आला. त्यानं फर्मान काढलं, पूड सकाळी नऊला, त्याच्या डोळ्यांसमोर टाकायची, मग तो गिरणीवर जाणार. १५ एप्रिलपासून तसं सुरू झालं. हिरवं हटेना म्हणून रोजच्या दोन मापांची पाच मापं झाली. तेव्हापासूनच्या प्रत्येक दुपारी माझ्या वहीत आहे, ‘पाणी कालच्यापेक्षा हिरवं.’ बारा दिवस मी लिहीत राहिले आणि तोंडानं काही बोलले नाही. मुलाच्या कामात बोलायचं नाही असं ठरवलं होतं. आज त्या ठरवण्याचीही किळस येते.

आज नऊला पाहुणे आले. गिरणीवाले गुणवंतराव आणि त्यांचे तीन मित्र. अंगाला तेल चोपडून काठावर बसले, खर्रा चघळत. एकानं सरळ पाण्यात पिंक टाकली. मुखरू जाळीनं बेडूक काढत होता. त्यानं पिंकेकडे पाहिलं आणि जाळी फिरवून तीही काढली.

“अजयभाऊ, हे टाकं आहे का भातखाचर?” गुणवंतराव म्हणाले. “रोवणी कधी करून राह्यले?”

सगळे हसले. अजयचा चेहरा पडला आणि त्याला दोष द्यायला कोणीतरी हवंच होतं.

“काय रे मुखरू, महिन्याचा डबा बारा दिवसांत संपला. पूड गेली कुठी?”

“बोडीतच गेली जी. तुमच्यासमोरच टाकतो ना.”

“समोर थोडी टाकतोस. उरलेली घरी नेतोस.”

“अंजनाबाई पापडखार समजून पापडात घालत असन,” गुणवंतराव म्हणाले. पुन्हा हसणं. तेलकट पोटं हलत होती.

मुखरूनं जाळी भिंतीला टेकवली. “साठ वर्षं पाण्यात काढली, भाऊ. कोणाच्या जाळ्यातला एक झिंगा घेतला नाई. आता हे नाव घेऊन मी गावात कसा जाऊ?”

“जा तर मग, येऊ नको उद्यापासून.”

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. पाहुण्यांसमोर मुलाला बोलायचं नाही, हे मला माहीत आहे. तरी बाहेर आले. मुखरूला म्हटलं, “तू ओट्यावर बस. कशालाही हात लावू नको.” चंचलला दोन सारख्या पांढऱ्या बादल्या आणायला सांगितल्या. दोन्हींत विहिरीचं पाणी, नव्या डब्यातली एक एक चिमूट पूड, मी स्वतः टाकली. दोन्हींतलं थोडं पाणी पेल्यांत घेऊन तपासायचे थेंब टाकले, क्लोरीन असलं की त्यांनी पाणी पिवळं होतं. दोन्हीकडचं पाणी सारखंच गडद पिवळं झालं. गुणवंतरावांनाच वाकून पाहायला लावलं. एक बादली उघड्या अंगणात ठेवली, दुसरी धान्याच्या कोठीत, आणि कोठीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. दहा वाजून पाच मिनिटं.

“आई, तू कशाले मधात पडतेस?” अजय म्हणाला.

“दोन वाजता सांगते.”

मुखरू ओट्यावर बसून राहिला. चंचलनं नेलेलं ताटही त्यानं घेतलं नाही. पाहुणे कोंबडी खाऊन हाडं तिथंच काठावर टाकत होते आणि त्यावर माशा बसत होत्या.

दोनला मी कुलूप काढलं. कोठीतल्या बादलीतलं पाणी पेल्यात घेऊन थेंब टाकले. पिवळं. मग अंगणातल्या बादलीतलं. थेंब पडले, पसरले, आणि पाणी नितळच राहिलं. अजयनं स्वतः पुन्हा टाकून पाहिले. तसंच.

“या बादलीतली पूड कोणी चोरली?” मी विचारलं.

मी वही आणून पंधरा एप्रिलपासूनची पानं अजयसमोर धरली. “ऊन खातं ती. झाड होतं तोवर सावली होती, आणि मुखरू संध्याकाळी टाकत होता म्हणून रात्रभर टिकायची. तू सकाळी नऊला टाकायला लावलीस. चार तासांत संपते. तुझ्या डोळ्यांसमोर टाकलेली तुझ्या डोळ्यांसमोरच गेली.”

“मले कोणी सांगितलं होतं?” अजय पुटपुटला. मग मुखरूकडे न पाहता म्हणाला, “ठीक आहे. उद्यापासून ये. संध्याकाळीच टाकत जा.”

झालं. एवढंच. चुकलं म्हणायला एका शब्दाचं काम होतं, ते याला जमेना. हिरवी बुळबुळ बरी, ती निदान घासून निघते.

मुखरू उठला. धोतर झटकलं. “येतो जी. जाळी मारीन, पायऱ्या घाशीन, पंप पाहीन. पण डब्याले हात नाई लावणार. ज्याले डब्यावर भरोसा नाई त्यानं स्वतः धरावा.”

“म्हणजे रोज मी टाकू?” अजय.

“दिवेलागणीले, भाऊ. ऊन गेल्यावर. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा, नाईतर नाकात जाते.”

गुणवंतराव हसायला लागले आणि अजयकडे पाहून थांबले. पाहुणे चहा न घेता निघाले. मुखरू जाताना माझ्यासमोर थांबला. “अंजना विचारन, काय झालं म्हणून. सांगतो, बाईनं वहीत लिहिलं आहे.”

मी मान हलवली. वहीत सगळंच लिहिलं आहे, मी बारा दिवस गप्प राहिले तेही.

संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटं. टाक्यात दोन मापं पूड टाकली. टाकणारा, अजय. वाऱ्याकडे तोंड करून उभा होता, तीनदा शिंकला.