गुहेचा पत्ता

इकडे परदेशात, मिल्टन गावात आमच्या शेजारी एक निवृत्त प्राध्यापक राहतात. एका उष्ण बेटावरच्या जंगलात, गुहांमध्ये राहणाऱ्या वटवाघळांचा त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्या जातीचं नावही फारसं कुणाला माहीत नाही. ते बोलतात अगदी हळू, शेजारी कुणी झोपलेलं असावं तसे. ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करता करता थांबतात आणि त्या वटवाघळांच्या पिल्लांबद्दल सांगत बसतात.

यंदा विंटरमध्ये आम्ही त्याच बेटावर जायचं ठरवलं. मी विचारलं, "काका, ती गुहा नेमकी कुठे आहे?"

"नाही सांगणार."

मला रागच आला. "आम्ही लांबूनच बघू."

"पूर्वी एका गुहेचा पत्ता मी विश्वासाने एकाला दिला. त्याने फोटो टाकले, लोक टॉर्च घेऊन यायला लागले. पुढच्या वर्षी गेलो, तर गुहा रिकामी. आता एकच उरली आहे."

बेटावर एक टॅक्सीवाला म्हणाला, "वटवाघळांची गुहा दाखवतो." मुलं नाचायला लागली. मी नको म्हटलं.

"बाबा, यू आर सो बोरिंग!" मुलगी रुसली.

परत आल्यावर काकांनी सुट्टी कशी झाली विचारलं. छान झाली म्हणालो. ती उरलेली गुहाही आता टॅक्सीवाल्याला ठाऊक असावी, हे सांगायचं धैर्य मला अजून झालेलं नाही.