तुरीच्या डाळीएवढा डाग

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही, ते बिचारे गेले मला शहाणी समजूनच. तुम्हाला या कागदावर लिहून सांगते — तुम्ही काही माझ्या घरी चहाला येत नाही, म्हणून.

तेव्हा मी चाळिशीची, नांदेडात कॉलेजात शिकवायची. दोन विद्यापीठांनी मिळून बायांच्या तोंडाच्या कॅन्सरची पाहणी काढली होती. आम्हा प्राध्यापिकांना लातूरला तीन दिवस शिकवलं, हातात टॉर्च दिली. बस्स! माझा तोरा असा, की जणू कॅन्सर मीच शोधून काढलाय. नायगावकडच्या खेड्यांत बायांना दरडावून सांगायची — मिश्री सोडा.

आणि पर्समध्ये काय? मिश्रीचीच डबी. भाजलेल्या तंबाखूची ती पूड सकाळी हिरड्यांना चोळल्याशिवाय या बाईसाहेबांचं पोट साफ होत नव्हतं. ती सवय थोरल्या जाऊबाईंची — गोदाक्कांची. सासरी, अर्धापूरला, परसात बसून आम्ही दोघी एकाच डबीतली लावायचो.

पाहणी अर्धापूरला आली. गोदाक्का हसत पुढं बसल्या. "बघ गं मास्तरीण, दात मोजून घे. मागून चोरीला गेले म्हणशील!"

मी टॉर्च धरली. डाव्या गालात आत... उजेडच चमकतोय, असं वाटलं. पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदाही पाहिलं — कशाला पाहिलं? पहिल्यांदाच कळलं होतं की.

डाग लिहिला असता तर लातूरहून डॉक्टर घरी आले असते. विचारलं असतं, घरात अजून कोण लावतं? अक्कांच्या पोटात काही राहत नसे. "ही की! माझ्याच डबीतली," म्हणाल्या असत्या. आणि पुढच्या महिन्यात लातूरच्या सभेत मिश्रीवर भाषण कुणाचं होतं? माझं. नवी साडीसुद्धा घेतली होती.

कार्डावर लिहिलं — साफ.

पुढच्या सुट्टीत बघू, म्हटलं. भाषण झकास झालं. सुट्ट्या आल्या, गेल्या. आठ महिन्यांनी अक्कांना भाकरीचा घास घेता येईना, तेव्हा मोठ्या धावपळीनं मीच त्यांना दवाखान्यात नेलं. अर्धा जबडा काढला. वाचल्या. आज ऐंशीच्या पुढं आहेत, पेज पिऊन राहतात, आणि येईल त्याला बोबडं सांगतात, "हिच्यामुळं मी हाय." मी पदर सावरते. नम्रपणे! डबी तेव्हा सुटली — आपलं पितळ उघडं पडायचं भय सुटलं नाही.

आता माझी नात मुक्ता त्याच कामात आहे. दोन्ही विद्यापीठांनी पुन्हा हात मिळवलेत, जुनी कार्डं एकत्र केलीत. परवा जेवताना म्हणाली, "आजी, मोठ्या आजीची केस आम्ही पोरांना शिकवून राहिलो. तपासणीत साफ, अन् आठ महिन्यांत एवढा! इतका झपाट्यानं वाढला कसा, कुणालाच कळेना."

मी तिला अजून एक पळी वरण वाढलं.

माझं खोटं अक्कांच्या गालात वाढलं ते वाढलं — आता ते वर्गात शिकवतात?

उद्या सकाळी हा कागद आधी अक्कांना वाचून दाखवीन, मग मुक्ताच्या हातात देईन. तिच्या कार्डासाठी नीट लिहिते: डावा गाल, आतून. तुरीच्या डाळीएवढा पांढरा डाग. झपाट्यानं वाढला नव्हता. तपासणाऱ्या बाईनं पाहिला होता.