तीन काळजांची गोष्ट

वारंगा फाट्यावर एसटीतून उतरले आणि फोन वाजला. आतेभाऊ दत्ता एवढंच बोलला, "आई गेली गं." आत्याला पॉडकास्ट मोठ्यानं ऐकता यावेत म्हणून घेतलेला छोटा स्पीकर माझ्या पिशवीत होता... आत्याच्या गावची, डोंगरकड्याची रिक्षा समोर उभी होती. पिशवी छातीशी धरून मी तिच्यात बसले.

शकुंतलाआत्याचा जन्म अंगणवाडीत गोष्टी सांगण्यात गेला. पुढे नजर अधू झाली, वाचन सुटलं. काळीज कमजोर झालं, हिंडणंही सुटलं. घरात बसून ती चिडचिडी झाली होती, म्हणून दिवाळीत मी तिला मोबाइलवर पॉडकास्ट लावून दिला. "रेडिओच की हा!" ती म्हणाली. रेडिओ त्याच्या वेळेला बोलतो, हा तुझ्या वेळेला, असं सांगितल्यावर तिनं कान टवकारले. "मंग आता काहून गप हाय? बोल म्हणावं त्याला."

ऐकायची मात्र अंगणवाडीच्याच रीतीनं. सांगणाऱ्याला हुंकार द्यायचा, नाहीतर गोष्ट थांबते, असं ती लेकरांना शिकवायची. मोबाइलमधल्या बाईचं वाक्य संपलं की आत्या म्हणणार, "हं... मंग?" मी हसायचे, "अगं, तिला ऐकू जात नाही!"

"नसंल जात. आपून माणसावानी ऐकावं का न्हाई?"

ज्वालामुखी, मुंग्या, चंद्रावरची माती... तिला कशाचंच वावडं नव्हतं. मध्येच बंद करायचं झालं, तर आधी "थांब बाई, आलेच," असं सांगायची.

शेवटच्या भेटीत ऑक्टोपसचा भाग लागला होता. कधी समुद्र न पाहिलेली आत्या खाटेवर उठून बसली. "तीन काळजं? इथं माझं एक धड चालंना! त्यातलं एक थांबलं तर कसं करतो गं तो?" तेवढ्यात शेजारीण आली. "थांब बाई, आलेच." मग माझ्या गाडीची वेळ झाली. निघताना म्हणाली, "तू आलीस की मिळून ऐकू. मला ते समजून घ्यायचंय."

तेरावं झाल्यावर तिच्या खोलीत बसून मी तो भाग स्पीकरवर लावला. बाई सांगू लागली, पोहताना ऑक्टोपसचं एक काळीज खरंच थांबतं, त्याला दम लागतो. म्हणून तो पोहण्यापेक्षा तळाशी हळूहळू सरकत जाणंच पसंत करतो. आत्याही तशीच चालायची, भिंत धरून, सावकाश. "ऐकलंस का गं?" म्हणत मी वळले. खाट रिकामी होती. मला फार रडू आलं.

वाक्य संपवून ती बाई क्षणभर थांबली. खोलीतून हुंकार आला नाही.

मी डोळे पुसले आणि म्हणाले, "हं... मंग?"