सपाट रस्ता, तरी खिद्रापूर राहिलंच

सायकल मंडळाच्या मित्रांनो, राग उतरायच्या आत हे फळ्यावर चिकटवतोय. सलग तिसऱ्या रविवारी खिद्रापूरचं कोरीव देऊळ बघायचं राहिलं!

सायकलच्या दिव्यात रॉकेल भरून पहाटेच निघालो. वारा नाही, नदीकाठचा रस्ता पोळपाटासारखा सपाट. वाहनं म्हणाल तर एक एस.टी. आणि चार बैलगाड्या. मग अडवलं कुणी? गुऱ्हाळवाल्यांनी!

सायकलला पिशव्या दिसल्या की हाक येते, "ओ पावणं, रस पिऊन जावा की!" मी पायडल मारतोय तोवर माझा जोडीदार सलीम उतरलेला असतो. नको म्हटलं तर माणसं रागावतात म्हणे. हुपरीपर्यंतच तीन गुऱ्हाळं झाली. रस, वर गरम गूळ, वर शेंगा, आणि बसल्याशिवाय सुटका नाही.

कुरुंदवाडच्या पुढं सातव्या गुऱ्हाळावर ऊन कललं. वैतागून तिथल्या म्हाताऱ्याला विचारलं, "आजोबा, देऊळ हाय तरी कसं?"

"मला काय ठावं? हितंच जन्मलो, पर बघाय न्हाय मिळालं. वाटंत कोण सोडतंय व्हय?"

आणि माझा पेला परत भरला.

खरं सांगा, आपल्यातल्या कुणी खिद्रापूर बघितलंय का?